सक्युलंटला पाणी: मुंबईकरांनो, या चुका टाळा

कुणाचं सक्युलंट, म्हणजे जाड, रसाळ पानांचं झाड, मेलं की मला फोटो येतो. खाली ठरलेलं वाक्य असतं, "अगं, रोज पाणी घालत होते, तरी कसं गेलं?" उत्तर त्या प्रश्नातच आहे, पण नुकतंच झाड गेलेल्या माणसाला तसं तोंडावर सांगवत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे रोज घोटभर पाणी. सकाळी तुळशीला घालून झालं की तांब्यात उरलेलं सक्युलंटला. तुळस ते पिऊन टाकते. सक्युलंट आधीच पानांत पाणी साठवून बसलेलं असतं. शिवाय यातली बरीचशी झाडं पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात, त्यामुळे त्यांच्यातून पाणी फारसं उडतच नाही. त्यात आपली मुंबई. जुलैत हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे कुंडीतली माती कशी वाळणार? माती सतत ओली राहिली की तिच्यातली हवा जाते, मुळं गुदमरतात आणि मग बुरशीचं फावतं.

यात माझी स्वतःची फजिती झालेली आहे. काही वर्षांपूर्वी गणपतीला नऊ दिवस कणकवलीला गेले. चावी शेजारच्या काकूंकडे दिली आणि निघण्याच्या घाईत म्हणून गेले, "काकू, झाडांकडे जरा बघा हं." परत आले तर काकू दारातच, "एक दिवससुद्धा चुकवला नाही हो मी!" खिडकीत माझी सक्युलंटं, दोन एचेव्हेरिया (गुलाबासारखी रचलेली पानं असतात ती) आणि एक जेड (जाड खोडाचं). एचेव्हेरियाच्या पानाला बोट लावलं, तर ते भिजलेल्या पोह्यासारखं हातात आलं. मग दुसरं, मग तिसरं. जेडचं खोड बुंध्याशी दाबलं तर पिचलं आणि सडक्या बटाट्याचा वास आला. काकूंना काय बोलणार? बघा म्हणजे पाणी घाला, असाच अर्थ कुणीही घेतला असता.

एचेव्हेरिया गेली. जेडची वरची फांदी टणक होती, ती ब्लेडने कापली. कापलेल्या जागी मधोमध तपकिरी ठिपका दिसला. म्हणजे सड वर चढलेली. अजून अर्धा इंच कापली, तरी ठिपका. तिसऱ्या कापाला आतून स्वच्छ हिरवट पांढरी निघाली, तेव्हा थांबले. ती फांदी फ्रीजवर वर्तमानपत्रावर आठ दिवस पडून होती, जखम सुकेपर्यंत. मग कोरड्या मातीत खोचली आणि पहिलं पाणी आणखी आठवड्याने. लोक नेमके इथेच घाई करतात. कापलं की लगेच मातीत, मातीत की लगेच पाणी, आणि चार दिवसांनी मला पुन्हा फोटो.

मग पाणी घालायचं कधी? वार ठरवून नाही. "दर रविवारी" हे पाणी घालायला विसरणाऱ्या माणसाच्या सोयीचं आहे, झाडाच्या नाही. मी खराट्याची काडी वापरते. कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसायची, दहा मिनिटांनी काढायची. काडी काळपट दिसली किंवा तिला माती चिकटली तर पाणी नाही. कोरडी आली तरी मी दोन दिवस थांबते, हा माझा चिंगूसपणा समजा. आता तर कुंडी उचलूनच कळतं, सुकलेली कुंडी हाताला पोकळ लागते. घालायचं तेव्हा मात्र भरपूर, खालच्या भोकातून निथळेपर्यंत, आणि बशीत साचलेलं ओतून द्यायचं. माझ्या पूर्वेच्या खिडकीत एप्रिल-मेमध्ये साधारण आठवड्याने, थंडीत बारा-पंधरा दिवसांनी पाणी लागतं. जुलैत कधी कधी अख्खा महिना जातो. तुमची खिडकी वेगळी, त्यामुळे हे आकडे पाठ करू नका.

दुसरी चूक जरा फसवी आहे. पान सुरकुतलं की तहान लागली असं समजून तांब्या उचलणं. मुळं सडली तरी पानं सुरकुततात, कारण पाणी वर चढवायला मुळंच उरलेली नसतात. म्हणून आधी माती बघा. माती कोरडी आणि पान सुरकुतलेलं असेल तर खुशाल पाणी घाला, दोन-तीन दिवसांत पान भरून येतं. माती ओली आणि पान सुरकुतलेलं असेल तर कुंडी उलटी करून झाड बाहेर काढा. काळी, लिबलिबीत मुळं कापा, उरलेलं सावलीत वाळू द्या. पान पिवळट, काचेसारखं आरपार आणि मऊ झालं असेल तर पाणी जास्त झालंय, यात शंका नको. अगदी तळाची एक-दोन पानं कागदासारखी वाळली तर ती नुसती म्हातारी झालेली असतात, काढून टाका.

हल्ली मुंजी-बारशाला रिटर्न गिफ्ट म्हणून चिनीमातीच्या मगात सक्युलंट देतात. खाली भोक नाही आणि वर पांढरे खडे गोंदाने चिकटवलेले, म्हणजे माती दिसायलाही नको. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण झाडाला ती कोठडीच. खडे उचकटा, झाड भोक असलेल्या छोट्या प्लॅस्टिकच्या कुंडीत लावा आणि ती कुंडी मगात ठेवा. पाणी द्यायचं तर कुंडी बाहेर काढून मोरीत द्या, निथळली की परत मगात.

भोक नाही म्हणून तळाला खडे भरणं हा आणखी एक शॉर्टकट. वरची बारीक माती गच्च भिजल्याशिवाय पाणी खड्यांत उतरतच नाही. उलट ओला थर मुळांच्या जवळ सरकतो. खडे तळाला नकोत, मातीत मिसळा. मी एक भाग नर्सरीची माती, एक भाग भरड वाळू आणि एक भाग विटेचे बारीक तुकडे घेते. वाळू चौपाटीवरून आणू नका, खारट असते. हसू नका, आणलेली पाहिली आहे.

स्प्रे मारू नका, पानांवर पाणी उडवून मुळांना काही मिळत नाही. एचेव्हेरियाच्या मधल्या खोबणीत पाणी साचू देऊ नका आणि पानांवरची पांढरी पूड पुसू नका, पुसलेल्या जागी ती परत येत नाही. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणीही नको, त्यात क्षार जास्त असतात. नळाचं पाणी उत्तम. पावसाळ्यात ग्रिलमधल्या कुंड्या आत घ्या, आणि ऑक्टोबरमध्ये एकदम कडक उन्हात ढकलू नका, पानं भाजतात.

गावाला जायचं असेल तर निघण्याआधी काडी घालून बघा, कोरडी असेल तर एकदा नीट पाणी द्या, बास. दोन-तीन आठवडे काही होत नाही. यंदा चावी देताना काकूंनी विचारलंच, "आणि झाडांचं गं?"

म्हटलं, "काही नाही काकू. त्यांच्याकडे बघूसुद्धा नका."