खाणीवरची माती: उचलण्यापासून पसरण्यापर्यंत या चुका टाळा

चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या एखाद्या ओपनकास्ट कोळसा खाणीच्या जुन्या ओबी डंपवर (कोळशावरून काढलेल्या माती-दगडांच्या डोंगरावर) श्रावणात चढलात तर सगळं हिरवंगार दिसेल. खरं काय ते मार्चमध्ये कळतं. एका पट्ट्यात झाडं तग धरून असतात, शेजारच्या पट्ट्यात सुबाभूळसुद्धा वाळलेली. रोपं एकाच नर्सरीतली, लावलीही एकाच आठवड्यात. मग दोष द्यायचा कुणाला? बहुतेक वेळा खाली अंथरलेल्या मातीला. आणि त्या मातीचं वाटोळं लावणीच्या दिवशी झालेलं नसतं, खाण उघडताना डंपवर नंतर पसरायला म्हणून ती शेतातून खरवडली त्याच दिवशी, कित्येक वर्षं आधी झालेलं असतं.

वाफसा न बघता मशीन लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शेतकऱ्याला वाफसा (मातीतली ओल कामाजोगी उतरण्याची अवस्था) शिकवावा लागत नाही, पण पोकलेन तासाच्या भाड्यावर आलं की वाफसा कोण बघतो? आपली भारी काळी जमीन ओली असताना फुगते आणि वाळली की भेगाळते. ओल्या अवस्थेत तिच्यावरून ट्रॅक फिरले की हवा-पाण्याच्या वाटा बुजतात. पुढे ती वाळते तेव्हा तिची माती राहत नाही, विटा होतात. कुदळीनंही न फुटणारी ढेकळं मी हातात घेतली आहेत. आतून चकचकीत, एक मूळ नाही.

तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. वीतभर खालची मूठभर माती घ्या आणि तळहातावर वात वळा. ३ मिलिमीटर जाडीची वात न तुटता वळली, तर त्या दिवशी काम बंद. त्याआधीच तुटून भुगा झाला, तर खुशाल चालू करा. दुसरी खूण बकेटनं कापलेल्या कडेची. ती साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत दिसली तर थांबायचं, खरबरीत फुटली तर चालायचं. विदर्भात खोल काळ्या जमिनीचा वरचा थर दिवाळीनंतर सुकायला लागतो, त्यामुळे डिसेंबर ते मे हा कामाचा काळ धरा. मध्येच अवकाळी आला तर वेळापत्रक गुंडाळून ठेवा.

‘एक मीटर काढ’ असं सांगून निघून जाणं

ऑपरेटर एक मीटर काढतो, त्याची काही चूक नाही. पण त्या मीटरभरात दोन-तीन वेगळ्या माती असतात. वरची २०-३० सेंटिमीटर भुसभुशीत, मुळांनी भरलेली. तिच्या खाली घट्ट चिकणमाती. आणखी खाली बऱ्याच ठिकाणी चुनखडीचे पांढरे खडे, मग मुरूम. सगळं एकाच ढिगात गेलं की चुनखडी वर येऊन बसते. मातीचा सामू (पीएच) साडेआठच्या आसपास गेला की लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, की माळी युरिया टाकतो आणि काहीच होत नाही.

उपाय आधीचा आहे. खणायच्या क्षेत्रात ठिकठिकाणी कमरेएवढे खड्डे घ्या, थर मोजा आणि खुंट्यांवर रंगानं खोली लिहा. खालची माती वाया घालवायची नाही, पण तिचा ढीग वेगळा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जारा जंगलातल्या बॉक्साइट खाणींत तर वरचा पातळ थर आधी आणि बाकीची माती नंतर अशी दोनदा उचलणी करतात, कारण जंगलाचं बहुतेक बियाणं वरच्या काही सेंटिमीटरांतच असतं.

इथेच हिशेबाचीही गफलत होते. एक हेक्टरवर ३० सेंटिमीटर म्हणजे ३,००० घनमीटर माती. उचलली की ती साधारण पाव हिश्शानं फुगते, म्हणजे टिपरमध्ये ३,७५० घनमीटर भरते, १५ घनमीटरच्या टिपरच्या २५० खेपा. रजिस्टरात खेपा मोजून कुणी तेवढीच माती परत मिळेल असं धरतं, पण पसरल्यावर ती पुन्हा बसते. शिवाय काही खेपा बांधाला जातात, काही रस्त्याच्या कडेला, काही ऑफिससमोरच्या बागेला. ती बाग नेहमी छान फुललेली असते!

ढीग घालून विसरणं

उंच ढिगाला जागा कमी लागते, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. पण आतल्या मातीला हवा मिळत नाही. जुन्या ढिगात दोन-अडीच मीटर आत खणलं की निळसर-राखाडी माती आणि नाल्यासारखा वास येतो. मुळांना साथ देणारी बुरशी अशा ढिगात कमी होत जाते, बियाणं मरतं. ढीग २-३ मीटरच्या वर नेऊ नका. पहिल्याच पावसात त्यावर ताग, धैंचा किंवा स्टायलो हे चाऱ्याचं पीक पेरा, नाहीतर गाजर गवत पेरायला कुणाची वाट बघत नाही. आणि ठळक पाटी लावा. एका खाणीवर पाटी नसलेला अख्खा ढीग रात्रपाळीत ओबीखाली गेला. सकाळी आम्ही तो शोधत फिरत होतो.

सगळ्यात चांगला ढीग म्हणजे न घातलेला ढीग. मागचा डंप तयार असेल तर पुढची माती सरळ तिथे न्या.

डोझरनं कॅरमबोर्ड करणं

तपासणीला येणाऱ्या साहेबांना गुळगुळीत सपाटी फार आवडते, झाडाला नाही. अमेरिकेतल्या ॲपलेशियन कोळसा पट्ट्यात वर्षानुवर्षं डंप ठोकून सपाट केल्यावर झाडं खुरटली. आता तिथे जंगलासाठी निदान चार फूट, म्हणजे सव्वा मीटर, सैल माध्यम ठेवायला सांगतात. आधी खालचा ओबी समपातळी रेषेत रिपरनं, म्हणजे डोझरमागच्या लोखंडी दातानं, फाडा. माती शेजारी-शेजारी ढिगाऱ्यांत ओता आणि पोकलेननं बाहेरूनच पसरा, तिच्यावर चढू नका. ओबडधोबड राहिलं तर राहू द्या, त्या खळग्यांतच पावसाचं पाणी थांबतं.

आता बिघडलंच असेल तर

पाऊस थांबून तीन दिवस झाले तरी पाणी साचलेलं असेल, तर लोखंडी सळई रोवून बघा. सगळीकडे एकाच खोलीवर ‘टण’ करून अडली, तर तो दाबलेला थर आहे. उन्हाळ्यात, माती कोरडी असताना तो फाडा. ओल्यात रिपर घातलात तर नुसत्या चिरा पडतील आणि पुन्हा मिटतील. पिवळ्या पानांसाठी फेरस सल्फेटची फवारणी तात्पुरती चालते. कायमचं म्हणाल तर शेणखत भरपूर घाला आणि चुनखडी सोसणारी झाडं लावा.

उतारावरची माती पावसाळ्यात गोधडीसारखी घसरून आली असेल, तर खालचा ओबी गुळगुळीत राहिलेला असतो आणि माती त्याला पकडतच नाही. वरून जाळी अंथरून फार काही साधत नाही. माती खाली ओढून घ्यायची, उतार ओरबाडून आडव्या चऱ्या काढायच्या आणि पुन्हा चढवायची. तीही लगेच नाही, पुढच्या वाफशाला.