बालविकास योजनेचे नवे ॲप: सुरू करण्यापूर्वीची तयारी

शून्य ते सहा वयोगटासाठी शासनाची नवी योजना येते तेव्हा तिच्यासोबत ॲपही येते, आणि त्याचा भार अखेर अंगणवाडी सेविकेवर पडतो. म्हणून पहिल्या बैठकीआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी: ॲप सुरू होईल त्या दिवशी कोणती कागदी नोंदवही बंद होणार आणि तो लेखी आदेश कोणाच्या सहीने निघणार. मागच्या वेळी आमच्याकडून नेमके हेच राहिले. सेविका दुपारी वजन वहीत लिहीत, रात्री घरी बसून तेच मोबाइलवर भरत, आणि दोन आकडे जुळले नाहीत की खुलासाही त्यांच्याकडूनच मागितला जाई.

एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ पासून वह्यांवर चालत आली. २०१२ नंतरच्या सुधारित पद्धतीतही प्रत्येक अंगणवाडीत ११ नोंदवह्या होत्या. तोंडी सांगून त्या बंद होत नाहीत. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्या तपासणी नमुन्यात ‘नोंदवही अद्ययावत आहे का’ हा रकाना राहिला, किंवा लेखापरीक्षकाने आहाराच्या साठ्याची वही मागितली, की बंद केलेली वही पुन्हा उघडते. म्हणून तपासणी नमुना त्याच आदेशाने बदलावा आणि लेखा शाखेला पहिल्याच बैठकीला बोलवावे.

लॉगिन, सर्व्हर, सुरक्षा या गोष्टी कंत्राटदार पाहील. ॲपची भाषा मराठी असावी, हे वेगळे सांगायला नको. मात्र धडगाव किंवा मेळघाटात पालकांसाठीचे निरोप पावरी आणि कोरकू या तिथल्या आदिवासी भाषांत, तेही आवाजी असावेत. चाचणी कार्यालयातल्या नव्या फोनवर न घेता सेविकेकडच्या जुन्या, मेमरी भरलेल्या फोनवर घ्यावी. रेंज नसताना नोंद फोनमध्ये साठली पाहिजे आणि नंतर पाठवली तरी तिच्यावर वजन घेतल्याचीच तारीख राहिली पाहिजे. वयानुसार वजनाची श्रेणी महिन्यांतल्या वयावर ठरते. पाठवल्याची तारीख धरली तर ठीक असलेले तान्हे मूलही कमी वजनाच्या श्रेणीत दिसू शकते.

ओळख पटवण्याच्या टप्प्यावर विशेष सावध राहावे. पाच वर्षांखालील मुलाच्या आधारसाठी बोटांचे ठसे घेतलेच जात नाहीत, त्यामुळे सारा भार आईच्या ओळखीवर येतो. पोषण ट्रॅकर या केंद्र सरकारच्या अंगणवाडी ॲपमध्ये घरपोच आहारासाठी, म्हणजे घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटांसाठी, चेहरा ओळखण्याची सोय आली आहे. पण आई मजुरीला गेलेली असते आणि पाकीट न्यायला आजी येते, तेव्हा काय करायचे याचे उत्तर पडद्यावर असायला हवे. यंत्राने ओळखले नाही म्हणून एकही पाकीट अडता कामा नये. बीडकडची कुटुंबे ऊसतोडीला निघाली की मुलाची नोंद त्याच्यासोबत गेली पाहिजे आणि कारखान्याजवळच्या सेविकेला ती नव्याने न भरता उघडता आली पाहिजे. आशाताईंनी आरोग्य विभागाकडे आधीच दिलेली माहिती सेविकेकडून पुन्हा मागणे हाही दुहेरी कामाचाच प्रकार आहे.

प्रायोगिक टप्प्यासाठी रेंज नसलेले एक गाव निवडावेच, आणि तिथली वही खरोखर बंद करूनच प्रयोग करावा. वही चालू ठेवून घेतलेल्या प्रयोगात ॲप पुरेसे आहे की नाही, हे कळतच नाही, कारण ॲपमध्ये जे सुटते ते वही भरून काढते. ‘खबरदारी म्हणून महिनाभर दोन्ही चालू ठेवू’ असे कोणी म्हणेल. त्या महिन्याची शेवटची तारीख आदेशातच लिहून घ्यावी, नाहीतर तो महिना संपत नाही.

प्रशिक्षण बीटनिहाय, म्हणजे एका मुख्यसेविकेकडच्या अंगणवाड्यांचे एकत्र, आणि स्वतःच्या फोनवर. अडचणींसाठी एक दूरध्वनी क्रमांक आणि तो उचलणारी व्यक्ती. व्हॉट्सॲप गटावर भागवू नये. डेटा रिचार्जचे पैसे आगाऊ. फोन बिघडला तर किती दिवसांत बदलून मिळेल, हे लेखी. शुभारंभाची तारीख मागायला कोणी आले, तर वही बंद करण्याच्या आदेशाचा जावक क्रमांक आधी विचारावा.