जागेतली गुंतवणूक: कोर्स करावा की थेट उतरावं?

या क्षेत्रात नव्याने येणारे हा प्रश्न हमखास विचारतात. मी कोर्सही केला आणि व्यवहारही केले. माझं उत्तर अनेकांना रुचत नाही: आधी गणित शिका.

कारण इथे निर्णय चुकला हे कळायलाच वर्षं लागतात. आयुष्यात माणूस व्यवहार करणार किती? त्यातून पहिली जागा तेजीत घेतली असेल, तर आपलं सगळंच बरोबर होतं असं वाटतं. 'दांडगा अनुभव' सांगणाऱ्या बऱ्याच जणांचा अनुभव तेवढा तेजीचाच असतो.

गणित फार अवघड नाही. समजा जागेची किंमत १०० आणि वर्षाचं भाडं ६. एक महिना जागा रिकामी राहिली की उरले साडेपाच. कर, विमा, देखभाल यांत दीड गेला की हातात ४. आता २० स्वतःचे आणि ८० कर्जाचे, व्याज ८ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी साधारण ६.४ व्याजातच जातात. त्या वर्षी खिशातून २.४ भरायचे, मुद्दल वेगळंच. किंमत १० टक्क्यांनी उतरली तर स्वतःच्या २० पैकी १० कागदावर गेले. हे मला वर्गात कळलं, एक पैसा न गमावता. त्यासाठी पदवीच हवी असं मात्र नाही; हिशेबाची चार-पाच प्रकरणं नीट सोडवली तरी पुष्कळ झालं.

पण त्या गणितातला 'एक महिना' आणि 'दीड' हे आकडे वर्गात मिळत नाहीत. तिथे सोयीचे आकडे छापून दिलेले असतात. ते मिळतात जागा बघत हिंडल्यावर, प्लंबरशी बोलल्यावर, जुन्या भाडेकरूला 'का सोडताय?' विचारल्यावर. नव्या रंगामागची ओल ओळखणं, घाईतला विक्रेता ओळखणं, हेही तिथलंच. (कागदपत्रं मात्र वकिलाकडूनच तपासून घ्या. तिथे स्वतः शिकण्याची हौस महाग पडते.)

म्हणून मी नवख्यांना एक सराव देतो. विकत काहीही न घेता एकाच भागातल्या जागा बघत राहा. प्रत्येकीचं भाडं, दुरुस्तीचा खर्च आणि विक्रीची किंमत आपल्या अंदाजाने वहीत लिहा. काही महिन्यांनी ती प्रत्यक्षात कितीला गेली, किती दिवस पडून राहिली ते विचारून शेजारी टिपा. आपले अंदाज सारखे एकाच बाजूला चुकताना दिसले, तर पुढच्या हिशेबात तेवढी दुरुस्ती करूनच आकडे मांडा.