चेरोकी घरातली गोष्ट लिहायची असेल तर

आधी साल पक्कं करा. नुसतं ‘एकोणिसावं शतक’ धरून बसलात तर चेरोकींचं, म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या या मूळ रहिवाशांचं, घर डोळ्यांपुढे उभंच राहत नाही. सिक्वोया या चेरोकी माणसाने आपल्या भाषेची लिपी पूर्ण केली १८२१ मध्ये. त्या लिपीत ‘चेरोकी फिनिक्स’ हे वृत्तपत्र न्यू एकोटा या राजधानीतून निघू लागलं १८२८ मध्ये. आणि १८३८ मध्ये चेरोकींना पश्चिमेकडे हाकलण्यासाठी अमेरिकन सैनिकांनी माणसांना घरांतून उठवून छावण्यांत कोंडलं. लिपी झाली त्या साली जन्मलेली मुलगी तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. मी माझ्या कथेसाठी १८३२ घेतलं, कारण त्या साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने चेरोकींची जमीन गोऱ्यांना लॉटरीने वाटायला काढली: १६० एकरांचे तुकडे, सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे.

तंबू आणि पिसांचे मुकुट काढून टाका. ते मैदानी मुलखातल्या लोकांचे. इथे ओंडक्यांचं घर, मक्याची कोठी, पीचची झाडं, चरखा. पुरुषाच्या डोक्याला कापडाचं पागोटं.

स्वयंपाकावर मात्र मनापासून वेळ घालवा. मका राखेच्या पाण्यात घालून त्याची सालं काढतात आणि ओंडका कोरून केलेल्या उखळात कांडतात. मुसळाचं जड टोक वर, बारीक टोक उखळात. वजनच काम करतं. घेवडा घालून मळलेलं पीठ मक्याच्या पानात गुंडाळून उकडतात, आपल्या पातोळ्यांसारखं. हिकरी या अक्रोडाच्या जातीतल्या झाडाची फळं कुटून गोळे वळायचे, ते गरम पाण्यात विरघळवून गाळले की कनुची हे सार तयार. कांडताना बायका बोलतात, आणि माझ्या कथेतली गावची निम्मी खबर त्या बोलण्यातूनच येते.

नाती नीट लावा. सात कुळं, आणि मुलाचं कुळ आईचं. एका कुळात लग्न नाही. घर-शेत बाईचं; मुलाला शिकवणारा, दटावणारा माणूस म्हणजे मामा. पण चेरोकींच्याच १८२७ च्या राज्यघटनेने मत फक्त पुरुषांना दिलं. माझ्या कथेतली आजी यावरूनच मुलाशी बोलत नाही.

श्रीमंत चेरोकी घर दाखवणार असाल तर त्याच्या शेतात राबणारे काळे गुलामही दाखवा. १८३५ च्या जनगणनेत ते दीड हजारांहून जास्त होते. त्यांना वगळून चेरोकींचं दुःख सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

गोळीबाराची घाई नको. लॉटरीची चिठ्ठी घेऊन दारात उभा राहिलेला माणूस पुरेसा आहे. जॉर्जियाच्या कोर्टात गोऱ्याविरुद्ध चेरोकीची साक्ष चालत नव्हती, मग बाईने दाद कुठे मागायची? खुद्द चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस १८३५ मध्ये वॉशिंग्टनहून परतले, तर त्यांच्या घरात लॉटरीत ते मिळालेला माणूस राहत होता. दारातला हा प्रसंग लिहिण्याआधी एवढं ठरवा: तुमच्या बाईला इंग्रजी येतं का, आणि येत नसेल तर मधे उभं राहून बोलणार कोण?