रश्शाचं वाटण खरपूस भाजायचं कसं

रस्सा पांचट झाला की लोक तिखट वाढवतात. मी आधी विचारते, कांदा किती वेळ भाजलास? बहुतेक उत्तर येतं, पाच-सात मिनिटं. घोळ तिथंच आहे.

आम्ही कोल्हापूरकडचे. अर्धा किलो मटणाला मी दोन मोठे कांदे आणि सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी किसून घेते. कांदा उभा, एकसारखा चिरायचा, नाहीतर बारीक तुकडे करपतात आणि जाड कच्चे राहतात. लोखंडी कढईत दोन चमचे तेल, कांदा, चिमूटभर मीठ. मिठानं पाणी लवकर सुटतं. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. ते आटेपर्यंत कांदा 100 अंशांच्या वर फारसा तापत नाही, आणि खमंग रंग धरायला साधारण 140 अंश तरी लागतात. म्हणून पहिली दहा मिनिटं तो नुसता मऊ पडतो. इथं आच वाढवू नका, कडा जळतील. पाणी आटलं की चरचर बदलते, बारीक होते. मग मात्र कढईपासून हलायचं नाही.

आता कांद्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात. लुई कमिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1912 साली या प्रक्रियेवर लिहिलं. बेसन भाजताना सुटणारा घमघमाट त्याच जातीचा. कढईला तांबूस थर धरला की चमचाभर पाणी शिंपडून उलथन्यानं खरवडा. सगळी चव त्या थरात असते. दोन-तीनदा असं केलं की कांदा बदामीवरून तपकिरी होतो. एकूण पंचवीस मिनिटं धरा. खायच्या सोड्यानं रंग झटकन येतो, पण कांद्याचा गिचका होतो. मी घालत नाही.

खोबरं वेगळं, कोरडं, मंद आचेवर. पाहुणे दारात असताना एकदा मी ते मोठ्या आचेवर परतलं आणि अख्खा रस्सा कडू झाला. गुळानंही तो कडूपणा जात नाही, करपलेलं खोबरं टाकूनच द्या. बिस्किटाचा रंग आला की लगेच ताटलीत काढा, कारण गॅस बंद केला तरी कढईच्या धगीनं ते भाजतच राहतं. त्याच धगीवर चमचा-चमचा तीळ आणि खसखस.

गार झाल्यावर आलं, लसूण, कोथिंबीर घालून कमीत कमी पाण्यात वाटा. मग वाटण तेलात पुन्हा परता. कडेनं तेल सुटलं की कांदा-लसूण चटणी घाला आणि मटणाचं अळणी पाणी ओता, गरमच.