मीडियाविकी: दुवा सगळ्यांना पाठवण्याआधी

मीडियाविकी म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर. त्याचा इन्स्टॉलर शेवटी सेटिंगची एक फाइल हातात देतो, लोकलसेटिंग्ज.पीएचपी. ती विकीच्या मूळ फोल्डरात ठेवली की विकी चालू होतो. बरेच जण मग लोगो बदलतात आणि दुवा सगळ्यांना पाठवून मोकळे होतात. मी आमच्या शिक्षकगटाचा विकी सांभाळते आणि माझं मत ठाम आहे: लोगो सगळ्यात शेवटी. आधी कोण वाचणार, कोण लिहिणार ते ठरवा. मीडियाविकी घडलंय तेच कोणीही लिहावं म्हणून. आपण काही सांगितलं नाही, तर खातं नसलेला माणूसही पानं बदलू शकतो.

त्याआधी भाषेबद्दल. इन्स्टॉलर दोन भाषा विचारतो, एक तुमची आणि एक विकीची. दुसरीला मराठी निवडा, म्हणजे 'वर्ग', 'साचा', 'सदस्य' ही नामविश्वं, म्हणजे पानांचे गट, मराठीत येतात आणि पहिल्या पानाचं नाव 'मुखपृष्ठ' होतं. नंतर भाषा बदलली तर विकी नव्या नावाचं मुखपृष्ठ शोधतो आणि वाचणाऱ्यासमोर कोरं पान येतं. पानाच्या शीर्षकाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. म्हणजे हाताशी साधारण ८५ चिन्हं. लांबलचक शीर्षकं द्यायची सवय असेल तर हे गटाला आधीच सांगा.

आता हक्क. फाइलमध्ये ग्रुपपरमिशन्स नावाची यादी असते आणि तिच्यात तारांकन म्हणजे 'येईल तो प्रत्येक जण'. तारांकनासाठी 'एडिट' आणि 'क्रिएटअकाउंट' हे दोन्ही हक्क फॉल्स, म्हणजे बंद, करा. खाती तुम्ही स्वतः काढून द्या. लहान गटात ते जड जात नाही आणि जाहिरातींचे बॉट बाहेरच राहतात. विकी पूर्ण खासगी हवा असेल तर 'रीड'सुद्धा फॉल्स.

इथेच मोठी फट राहते. 'रीड' बंद केल्यावर पानं झाकली जातात, चित्रं नाहीत. इमेजेस फोल्डरातली फाइल वेबसर्व्हर थेट देतो, मीडियाविकीला विचारतही नाही. ज्याच्याकडे पत्ता आहे त्याला ती मिळते. उपाय असा: अपलोडचं फोल्डर वेबसर्व्हरच्या आवाक्याबाहेर हलवा, अपलोडडिरेक्टरी या सेटिंगला नवी जागा द्या आणि अपलोडपाथला आयएमजी_ऑथ.पीएचपीचा पत्ता द्या. मग प्रत्येक चित्र हक्क तपासूनच जातं. लॉगिन नसलेल्या खिडकीत एखाद्या चित्राचा पत्ता टाकून बघा. नकार आला पाहिजे. मुलांच्या वह्यांचे फोटो ठेवणाऱ्या गटाने ही तपासणी केल्याशिवाय एकही फाइल चढवू नये. आणि 'एवढी चार पानं फक्त तिघांना दिसू देत' असं कोणी म्हणालं तर वेगळा विकी काढा. पानागणिक लपवाछपवीसाठी हे सॉफ्टवेअर बनलेलं नाही.

अपलोड मुळात बंद असतं; एनेबलअपलोड्स ट्रू केल्यावरही मोठी फाइल अडतेच. मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची स्वतःची मर्यादा २ एमबी असते, एनजिनएक्स या वेबसर्व्हरची १ एमबी. दोन्ही वाढवा. एनजिनएक्स एचटीअ‍ॅक्सेस ही फोल्डरागणिक नियमांची फाइल वाचत नाही, त्यामुळे अपलोडच्या फोल्डरात पीएचपी चालू न देण्याचा नियम त्याच्या कॉन्फिगमध्ये स्वतः लिहावा लागतो.

छोटे पत्ते हवे असतील तर खरं फोल्डर 'डब्ल्यू' आणि पत्त्यात दिसणारं नाव 'विकी' ठेवा. दोन्हींना एकच नाव दिलं की गोंधळ होतो. वेगासाठी एपीसीयू हे पीएचपीचं कॅश बसवून मेनकॅशटाइपला कॅश_अ‍ॅक्सेल द्या. जॉबरनरेट शून्य करून जॉब, म्हणजे विकीची मागे राहिलेली कामं, क्रॉनवर (सर्व्हरच्या वेळापत्रकावर) टाका, नाहीतर साचलेली कामं पान उघडणाऱ्याच्या माथी पडतात.

बॅकअप म्हणजे डेटाबेस, अपलोडचं फोल्डर आणि लोकलसेटिंग्ज, तिन्ही. नुसता डेटाबेस घेतला तर चित्रं गेली. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून विकी उभा राहतो का ते बघा. उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

मीडियाविकीची आवृत्ती दीर्घ मुदतीच्या आधाराची घ्या, उदाहरणार्थ १.४३, आणि एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायच्या सुविधा, त्याही त्याच आवृत्तीसाठीच्या. पुढे अपग्रेड करताना रीडओन्ली या सेटिंगमध्ये एक वाक्य लिहा. संपादन थांबतं आणि लोकांना कारण दिसतं. मात्र कमांड लाइनवरून चालताना ती सेटिंग फॉल्स राहील अशी अट घाला, कारण अपडेटची स्क्रिप्टही तिलाच अडते. बॅकअप घ्या, नवी आवृत्ती नव्या फोल्डरात उघडा, लोकलसेटिंग्ज, चित्रं आणि एक्स्टेन्शन तिथे आणा, मेंटेनन्समधल्या रन.पीएचपीला 'अपडेट' सांगा. चित्राच्या पत्त्याची तपासणी पुन्हा करा आणि मगच रीडओन्लीची ओळ काढा.