घरातले पहिले पदवीधर, एलएल.बी. आणि शिष्यवृत्ती: या चुका टाळा

बी.ए. किंवा बी.कॉम. झालेलं, आईवडील दहावीच्या अलीकडचे, आणि आता पुण्यात तीन वर्षांचं एलएल.बी. करायचंय. अशी मुलं मोबाइलवर पहिल्यांदा ‘फर्स्ट जनरेशन लॉ स्कॉलरशिप’ असं शोधतात आणि समोर अमेरिकेतल्या विद्यापीठांची यादी उघडते. इथेच निम्मा जून जातो. तिकडे घरात आधी कुणी पदवीधर नसणं हाच निकष धरून शिष्यवृत्त्या देतात. आपल्याकडच्या सरकारी योजना तुमचा प्रवर्ग, कुटुंबाचं उत्पन्न, अधिवास आणि प्रवेश कुठल्या वाटेने झाला एवढंच बघतात. तेव्हा शोधायचं ते महाडीबीटी पोर्टलवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज जिथे भरतात त्या संकेतस्थळावर. घरातले पहिले पदवीधर असल्याची गोष्ट खासगी ट्रस्टच्या अर्जात जरूर लिहा, तिथे ती वाचली जाते.

सगळ्यात महाग चूक प्रवेशाच्या वेळीच होते, आणि ती नंतर दुरुस्त करता येत नाही. सीईटी दिली, कॅपच्या (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत लॉ कॉलेज रोडवरचं आयएलएस लागलं नाही, की मुलं घाबरतात. घरी विचारायला कुणी नसतं. मग कुणीतरी सांगतं, ‘संस्थास्तरावर, म्हणजे कॅपच्या बाहेर कॉलेज स्वतः भरतं ती सीट आहे, आत्ताच पैसे भर, नाहीतर जाईल.’ भरतात. त्या सहीबरोबर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे सगळे जिला ईबीसी म्हणतात ती, हातातून जाते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर विनाअनुदानित महाविद्यालयात निम्मं शिक्षण शुल्क या योजनेतून मिळतं, पण प्रवेश कॅपमधूनच हवा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी तर 2024-25 पासून पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अट तीच. सिंबायोसिस आणि भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठं असल्यामुळे तिथे ईबीसी लागूच होत नाही. तिथे जायचं तर त्यांच्या स्वतःच्या सवलती आधी विचारा, फी भरून झाल्यावर नाही. आणि दुसऱ्या फेरीची वाट बघण्यात कमीपणा काही नाही. डिग्री चर्चेतल्या कॉलेजची असो की नसो, कोर्टात उभं राहिल्यावर न्यायाधीश तुमचा कटऑफ विचारत नाहीत.

एक गैरसमज मी दर वर्षी ऐकतो: ‘बी.ए.ला स्कॉलरशिप घेतली, आता एलएल.बी.ला मिळणार नाही.’ बी.ए.नंतर पुन्हा बी.कॉम. केलं तर पोस्ट मॅट्रिक, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती, मिळत नाही, हे खरं. एलएल.बी. हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, त्याला ती आडकाठी नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीची माफी. हे दोन वेगळे अर्ज आहेत. चुकीचा भरला की तो फेटाळला जातो आणि पोरगं म्हणतं, ‘आम्हाला नाही देत हो.’

आता दाखले. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. तलाठ्याच्या सहीचा कागद घेऊन पुण्यात आलात तर एसटीचं परतीचं भाडं धरून चाला. तहसीलदारांचा दाखलाही 31 मार्चपर्यंतच चालतो, हे तारखेसकट बघा. पदवीनंतर वर्षभर नोकरी केली असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे जूनमध्ये बघायचं काम आहे, नोव्हेंबरमध्ये नाही.

बँकेच्या खात्याबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण इथे मी स्वतः आपटलोय. दुसऱ्या वर्षी पोर्टलवर रक्कम वितरित झाल्याचं दिसत होतं आणि माझ्या पासबुकात काही नव्हतं. बँकेतले म्हणाले, आधार लिंक आहे. ते खरंच होतं, पण लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी सीडिंग असणं, म्हणजे सरकारचे पैसे थेट याच खात्यात यावेत अशी आधारशी नोंद असणं, वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच खात्याला राहतं, शेवटी ज्या बँकेने केलं तिथे. मी शिवाजीनगरला सिमकार्ड घेताना दुकानदाराच्या सांगण्यावरून अंगठा लावला होता, त्यात एका पेमेंट्स बँकेत खातं उघडलं गेलं, आणि माझी शिष्यवृत्ती चार महिने तिथे गुपचूप बसून राहिली. मी तोवर मेसच्या मावशींना तोंड चुकवत फिरत होतो. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ दिसतं. अर्ज भरण्याआधी बघा, आणि हप्ता येण्याच्या सुमारास पुन्हा बघा.

अर्ज सबमिट झाला म्हणजे काम झालं असंही नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथल्या क्लार्कला एखादा कागद धूसर वाटला तर ‘सेंड बॅक’ करतात, आणि मेसेज आला नाही किंवा जुन्या नंबरवर गेला तर अर्ज तिथेच पडून राहतो. दर रविवारी लॉगिन करून बघा. प्रिंट कॉलेजला जमा केली की पोच घ्या; वकिलीची पहिली सवय तिथेच लागते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी नूतनीकरणही तुम्हालाच करायचंय, ते आपोआप होत नाही.

राहण्याखाण्याचं गणित बहुतेक जण विसरतात, आणि पुण्यात शिक्षण सोडायला लावतं ते बरेचदा फीपेक्षा खोलीचं भाडंच. सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला 60,000 रुपये आहेत. अनुसूचित जमातीसाठी तशीच स्वयम् योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत कामगारांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. 1955 पासून ग्रामीण मुलांना आसरा देणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीचं नाव मला तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर उशीर झाला होता.

वकिलीच्या सनदेसाठी, म्हणजे बार कौन्सिलकडच्या नोंदणीसाठी, वेगळी मोठी रक्कम साठवावी लागेल, या धास्तीने काही जण शेवटच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या पैशाला हात लावत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 2024 च्या निकालानंतर नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये आहे. मेसचं बिल बिनधास्त भरा.